गिदेयची पहिली हाफ

पहिले पाच किलोमीटर 15:00. पुढचे पाच 14:45. त्यापुढचे पाच 14:44. उरलेले सहा किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर 18:23. एकूण 1 तास 2 मिनिटं 52 सेकंद.

इथिओपियाची लेतेसेनबेत गिदेय 24 ऑक्टोबर 2021 रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ही हाफ मॅरेथॉन पळाली. तिच्या आयुष्यातली ही पहिली हाफ. तोवर जगात कुठलीही स्त्री हे अंतर 64 मिनिटांच्या आत पळाली नव्हती. गिदेयने 64 आणि 63 या दोन्ही वेशी एकाच दिवशी ओलांडल्या. बातमी म्हणून एवढं पुरेसं आहे. पण मला या शर्यतीकडे पुन्हा पुन्हा ओढून नेतात ते वरचे चार आकडे. पळणाऱ्या माणसाला स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, वाचायची सवय लागली की त्यात निर्णय दिसायला लागतात, धीर दिसतो, कुठे मोह झाला ते दिसतं आणि पाय नेमके कुठे जड झाले तेही लपत नाही. हे चार आकडे मला कधीच पाठ झालेत, आणि तरीही दर वेळी त्यांत काही नवं सापडतं.

आधी वेग नीट समजून घेऊ. 62:52 म्हणजे किलोमीटरला सरासरी 2 मिनिटं 59 सेकंद, ताशी 20 किलोमीटरच्या थोडं वरच. जिममधल्या पुष्कळ ट्रेडमिल या आकड्याच्या अलीकडेच संपतात. 400 मीटरच्या ट्रॅकवर हाच वेग एका फेरीला साडेएकाहत्तर सेकंद इतका भरतो. रोज पळणाऱ्या एखाद्या धडधाकट तरुणाला सांगून बघा, एक फेरी 71 मध्ये मार म्हणून. पहिले दोनशे मीटर तो झोकात जाईल. तिसऱ्या शंभरात खांदे कानांकडे चढू लागतील, शेवटच्या वळणावर मुठी आवळल्या जातील, पाऊल आखूड पडेल, आणि रेषा ओलांडून तो गुडघ्यांवर हात टेकून वाकेल. त्याची ती एक फेरी झाली. गिदेयच्या हाफमध्ये अशा जवळजवळ 53 फेऱ्या होत्या, एकीला लागून दुसरी.

स्त्रियांचा हाफचा विक्रम त्याआधी कसा सरकत होता, तेही बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये पेरेस जेपचिरचिरने तो 65:06 वर आणला. त्याच वर्षी जॉयसिलिन जेपकोसगेईने एप्रिलमध्ये प्रागला 64:52 आणि ऑक्टोबरमध्ये याच व्हॅलेन्सियात 64:51 वेळ दिली. 2020 मध्ये अबाबेल येशानेहने 64:31 केलं, आणि एप्रिल 2021 मध्ये इस्तंबूलला रूथ चेपनगेटिचने 64:02. चौदा सेकंद, एक सेकंद, वीस सेकंद, एकोणतीस सेकंद. ज्यांनी हे केलं त्या सगळ्या जगातल्या पहिल्या फळीतल्या, हे अंतर कोळून प्यायलेल्या. आणि मग एक तेवीस वर्षांची मुलगी येते, जिने शर्यतीत हे अंतर कधी पायाखाली घातलेलं नाही, आणि एका फटक्यात सत्तर सेकंद काढून घेते.

अर्थात ती नवखी मुळीच नव्हती. 7 ऑक्टोबर 2020 रोजी व्हॅलेन्सियाच्याच तुरिया स्टेडियममध्ये तिने 5000 मीटरचा विक्रम 14:06.62 वर नेला होता. तिरुनेश दिबाबाचा 2008 सालचा 14:11.15 तिने मोडला. जून 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या हेंगेलोला सिफान हसनने 10,000 मीटरला 29:06.82 असा विक्रम केला, आणि दोनच दिवसांनी, त्याच ट्रॅकवर, गिदेयने तो 29:01.03 करून टाकला. 5000 आणि 10,000 हे दोन्ही विक्रम एकाच वेळी एकीच्या नावावर असण्याची ही नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेननंतरची पहिलीच वेळ होती. त्याहीआधी, 2019 मध्ये, नेमेखनला रस्त्यावरच्या 15 किलोमीटरमध्ये तिने 44:20 ही जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

विक्रमांची अशी रास, पण मोठ्या स्पर्धेतलं सुवर्ण मात्र तोवर हुकत आलेलं. 2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेत 10,000 मीटरला रौप्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2021 मध्ये, तिने अंतिम शर्यतीचा बहुतेक सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला, दमट उकाड्यात पुढे राहून सगळ्यांना ओढत नेलं, आणि शेवटच्या फेरीत आधी हसन आणि मग कालकिदान गेझाहेग्ने तिच्या पुढे निघून गेल्या. गिदेय तिसरी, 30:01.72. मला ती शर्यत बघवत नाही. ट्रॅकवरच्या पदकाच्या शर्यतीचा न्याय शेवटच्या चारशे मीटरवर होतो; चोवीस फेऱ्या तुम्ही किती सुंदर पळलात याला तिथे किंमत नसते. गिदेयची ताकद त्या चोवीस फेऱ्यांत आहे. ती एक वेग धरते, आणि तो असा धरते की सोबतच्या एकेक जणीला तो सोडून द्यावा लागतो. टोकियोनंतर अडीच महिन्यांनी ती रस्त्यावर आली. व्हॅलेन्सियातली हाफ म्हणजे, माझ्या मते, ट्रॅकने तिच्या ज्या गुणाचं माप घेतलं नाही त्या गुणाचं पूर्ण माप आहे.

आता स्प्लिटकडे. पहिला आकडा 15:00. किलोमीटरला बरोबर तीन मिनिटं. विक्रमाच्या वेगाहून हे आधीच जलद आहे. 64:02 साठी किलोमीटरला 3:02 पुरले असते. पण पुढचं सगळं वाचून परत इथे आलं की ध्यानात येतं, पहिल्या पंधरा किलोमीटरमधला हाच पाचाचा टप्पा सगळ्यात संथ आहे. तिने हात राखून सुरुवात केली होती! आपल्याला 3:00 चा वेग हा बेधडकपणा वाटतो. तिच्या शरीराला तो अंदाज घेण्याचा वेग होता. ज्या मुलीने 10,000 मीटर 2:54 च्या वेगाने काढलेत तिला किलोमीटरमागे सहा सेकंद सोडणं म्हणजे केवढी मोकळीक. मला या पहिल्या आकड्यातला संयम फार आवडतो, कारण तो वरून संयमासारखा दिसतच नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. तुरिया स्टेडियममध्ये तिच्या पायांशेजारी दिवे होते. हल्ली विक्रमाच्या प्रयत्नात धावपट्टीच्या आतल्या कडेला दिव्यांची माळ लावतात आणि ठरलेल्या वेगाने उजेड पुढे सरकत राहतो. धावणाऱ्याने त्याच्या बरोबरीने किंवा जरा पुढे राहायचं. रस्त्यावर असा सरकता उजेड नसतो. किलोमीटरचे फलक असतात, पुढच्या गाडीवरचं घड्याळ असतं, वेग धरून देणारा सोबतचा पेसर असतो, पण दोन फलकांच्या मधला वेग अंगातूनच यावा लागतो. त्यात वळणं येतात, रस्त्याचा पोत बदलतो, एखाद्या चौकात वारा बाजूने लागतो. अशा रस्त्यावर पुढचे दोन टप्पे 14:45 आणि 14:44 येतात. पाच किलोमीटरच्या दोन तुकड्यांत एका सेकंदाचा फरक. या दोन आकड्यांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. 2:57 च्या वेगाने दहा किलोमीटर, आणि त्यात चढउतार नाही म्हणण्याइतका समतोल. संपूर्ण शर्यतीचं सौंदर्य मला विचाराल तर ते इथे आहे, विक्रमाच्या रेषेवर नाही.

दहा किलोमीटरला घड्याळ 29:45 दाखवत होतं. त्या काळी रस्त्यावरची स्वतंत्र 10 किलोमीटरची शर्यत अर्ध्या तासाच्या आत संपवणाऱ्या स्त्रियासुद्धा अगदी मोजक्या होत्या. गिदेयने ते जाता जाता केलं, अजून अकरा किलोमीटर शिल्लक ठेवून. तिच्या स्वतःच्या 10,000 मीटरच्या जागतिक विक्रमाहून ती तिथे फक्त 44 सेकंद मागे होती. आणि पंधराला 44:29. इथे तो नेमेखनचा आकडा काढायचा: 44:20. पंधरा किलोमीटर हेच ज्या दिवशी सगळं अंतर होतं, ज्या दिवशी रेषेनंतर काहीही राखून ठेवायचं नव्हतं, त्या दिवशीच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेहून ती अवघी नऊ सेकंद मागे होती. आणि समोर आणखी सहा किलोमीटर उभे होते, जे तिने या वेगाने कधीच पाहिले नव्हते.

चौथा आकडा सांगतो त्या सहा किलोमीटरमध्ये काय झालं. 18:23 ला 6.0975 ने भागलं की किलोमीटरला 3:01 येतात. म्हणजे वेग किलोमीटरमागे चार सेकंदांनी उतरला. चार सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण आधीचा समतोल ज्याच्या कानात बसलाय त्याला ही उतरण लगेच जाणवते. तिने 2:57 शेवटपर्यंत धरला असता तर वेळ साडेबासष्ट मिनिटांच्या आत गेली असती. हे मी उणं काढायला सांगत नाही. उलट, याच जागी ही शर्यत एका जिवंत माणसाची होते. पंधरा किलोमीटरपर्यंत तिच्याकडे आठवणी होत्या. पाच हजार, दहा हजार, पंधरा किलोमीटर, हे सगळे मुक्काम तिने पूर्वी केले होते आणि तिच्या पायांना ते ठाऊक होते. पंधराच्या फलकापुढे तिच्या मागे कसलाच अनुभव नव्हता. पहिल्या हाफचा खरा अनोळखी मुलूख तिथे सुरू झाला, आणि तिथेच वेग उतरला. तरीही किती उतरला? सगळ्यात थकलेल्या सहा किलोमीटरमध्येसुद्धा ती जुन्या विक्रमाच्या सरासरीहून जलदच पळत होती. कोसळणं सोडाच, तिने वेगाला सैल पडू दिलं आणि मग पुन्हा मुठीत धरलं.

हे अंतर तिला इतकं का मानवलं, याचं एक कारण शरीरात आहे. चांगल्या तयारीच्या धावपटूला रक्तातलं लॅक्टेट हाताबाहेर न जाऊ देता साधारण तासभर टिकवता येईल असा एक वेग असतो. प्रशिक्षक त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. त्याच्या वर गेलं की साठा झपाट्याने संपतो, खाली राहिलं की वेळ हातची जाते. आच अशी ठेवायची की साय वर येत राहील पण दूध उतू जाणार नाही, आणि ती तशीच तासभर राखायची. अव्वल दर्जाच्या धावपटूला हाफ मॅरेथॉन लागते तासाभराच्या आसपासच. म्हणजे हे अंतर तिच्यासाठी जणू त्या एका वेगाचीच परीक्षा असतं. ट्रॅकवरचा शेवटच्या फेरीचा झपाटा इथे दुय्यम, पूर्ण मॅरेथॉनमधली इंधन पुरवण्याची चिंताही इथे जवळपास नाही, कारण तासाभरापुरतं ग्लायकोजेन स्नायूंत आणि यकृतात असतंच. राहते ती आच राखण्याची कला, आणि गिदेयइतकी ती फार कमी जणांकडे आहे.

आपल्याकडे जो पहिल्यांदा 21 पळतो त्याची शर्यत यामुळेच निराळी असते. साताऱ्याच्या हिल हाफमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरणारा पहिलटकर रस्त्यावर दोन, सव्वादोन, अडीच तास असतो. अंतर तेच, पण त्याला पाणी, मीठ, केळ्याचा तुकडा, उन्हाचा चटका, उतरणीवर मांडीत भरणारा गोळा या सगळ्यांशी निभवावं लागतं. थ्रेशोल्डच्या बऱ्याच खाली राहूनच त्याला तेवढा वेळ काढता येतो. म्हणून गिदेयच्या शर्यतीवरून आपण वेग शिकायला जाऊ नये. पण आखणी मात्र वाचावी. पहिला पाचाचा टप्पा राखून, मधले दोन एकमेकांसारखे, आणि शेवटी जे उरेल त्यावर निभाव. ग्रुपमधले जुने धावपटू नव्याला नेमकं हेच सांगत असतात, आणि नव्या माणसाला पहिल्या दोन किलोमीटरमध्ये नेमका याचाच विसर पडतो. गर्दी, बँडबाजा, छातीवरचा पहिला बिब. पाय आपोआप सुटतात. जगातली सर्वांत वेगवान पहिली हाफसुद्धा राखून सुरू झाली होती, एवढं त्याच्या कानावर घालायला मला फार आवडतं.

या वेळेला परिस्थितीचं पाठबळ होतं, तेही सांगितलं पाहिजे. व्हॅलेन्सिया सपाट, समुद्रकाठचं शहर आहे, आणि ऑक्टोबरमध्ये तिथली सकाळ पळायला सुखाची असते. डिसेंबर 2020 मध्ये याच शहरात केनियाच्या किबिवोट कांडीने 57:32 असा पुरुषांचा विक्रम केला, आणि त्या दिवशी त्याच्यासकट चौघे जण जुन्या 58:01 च्या आत आले. शर्यत स्त्री-पुरुषांची एकत्र होती, त्यामुळे गिदेयला पुरुष धावपटूंची सोबत मिळाली; वारा अडवायला आणि लय धरायला त्याचा उपयोग होतोच. म्हणूनच जागतिक ॲथलेटिक्स संघटना स्त्रियांचे हाफचे दोन विक्रम वेगळे ठेवते, आणि फक्त स्त्रियांच्या शर्यतीतला विक्रम त्या वेळी जेपचिरचिरचा 65:16 हा होता, पोलंडमधल्या ग्दिनियातला. शिवाय तळव्यात कार्बनची पट्टी आणि जाड, हलका फोम असलेल्या बुटांचा हा काळ. 2020 मध्ये संघटनेने रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याची जाडी 40 मिलिमीटरवर बांधून टाकली, तोवर विक्रमांची रांग लागलेली होती. हे सगळं खरं आहे. पण तसे बूट, तो सपाट रस्ता आणि ते पेसर बाकीच्यांनाही मिळत होते. चेपनगेटिचच्या 64:02 मध्येही नवे बूट आहेत. सत्तर सेकंदांचं उत्तर बुटात सापडत नाही.

इथिओपियातल्या तिच्या तिग्राय प्रांतात त्या वेळी युद्ध पेटलेलं होतं, नोव्हेंबर 2020 पासून. गिदेयचा जन्म तिथला, 1998 सालचा, आणि शाळेत पळायला नकार दिला म्हणून आपल्याला काढून टाकलं होतं, ही तिने सांगितलेली लहानपणची आठवणही तिथलीच. तिच्या पळण्यावर लिहिताना दुःखाचा आणि जिद्दीचा धागा ओढून ताणून जुळवायचा मोह होतो. मी तो जुळवणार नाही. 14:45 आणि 14:44 या दोन आकड्यांत युद्ध शोधणं म्हणजे तिने त्या पळण्यात घातलेल्या कसबाला बाजूला सारणं होईल. ते कसब तिचं आहे, वर्षानुवर्षांच्या सरावाचं आहे, आणि ते तसंच बघावं.

त्या दिवशीची दुसरी शर्यतही विसरता येत नाही. यालेमझेर्फ येहुआलॉव, इथिओपियाचीच, 63:51 मध्ये दुसरी आली. म्हणजे पहाटे जो जागतिक विक्रम होता त्याहून अकरा सेकंदांनी जलद पळूनही तिच्या हाती विक्रम लागला नाही. तिच्याबाबत हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर ती 63:44 मध्ये पोहोचली होती. विक्रम झाला असं सगळ्यांना वाटलं, आणि मागून मार्ग मोजला तर तो 54 मीटर कमी भरला. व्हॅलेन्सियात मार्ग पुरा होता, तिची वेळ खरी होती, फक्त पुढे गिदेय होती. मला वाटतं 63:51 हीसुद्धा त्या सकाळची एक फार मोठी शर्यत आहे, आणि तिच्याबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही. गिदेयच्या मागे पडत असताना, पुढची पाठ लहान होत जाताना दिसत असताना, आपला वेग जगातल्या सगळ्या जुन्या वेळांहून चढा ठेवायला वेगळंच काळीज लागतं.

पुढे या दोघींची गाठ घड्याळावर पुन्हा पडली. एप्रिल 2022 मध्ये येहुआलॉव हॅम्बुर्गला पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉन पळाली, 2:17:23, पदार्पणातली तोवरची जगातली सर्वांत जलद वेळ. या खेपेला मार्गही पुरा होता आणि पुढेही कोणी नव्हतं. जुलैमध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत गिदेयने 10,000 मीटरचं सुवर्ण अखेर मिळवलं, तेही शेवटच्या सरळपट्टीत, हेलन ओबिरीला आठ शतांश सेकंदांनी मागे टाकून. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती पुन्हा व्हॅलेन्सियात आली, आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायला. अमाने बेरिसोने 2:14:58 मध्ये ती शर्यत जिंकली. गिदेय दुसरी आली, 2:16:49 मध्ये, आणि पदार्पणातली सर्वोत्तम वेळ येहुआलॉवकडून तिच्याकडे गेली.